निरसं दूध आणि एक मास्तरीण

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, आम्ही आता थेट गोठ्यातून दूध आणतो आणि न तापवताच पितो. तुम्ही लहानपणी धारोष्ण पीतच होतात की!"

पीत होतो खरं. मामाच्या गोठ्यात पेला घेऊन उभं राहायचं आणि फेसाच्या मिशा मिरवत घरात यायचं. पण नुसतं "बाळा, तापवून घे" म्हणून त्याने ऐकलं नसतं. म्हणून त्याला ॲलिस इव्हान्सची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहून ठेवते.

ॲलिसचा जन्म १८८१ चा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या नीथ गावचा. शिकायची हौस दांडगी, पण पैसा नाही. तेव्हा मुलींना सहज मिळणारी नोकरी म्हणजे मास्तरकी. ती तिने चार वर्षं केली. (इथेच ती मला आपली वाटू लागली!) कॉर्नेल विद्यापीठात खेड्यातल्या शिक्षकांसाठी निसर्ग-अभ्यासाचा मोफत वर्ग होता. त्या निमित्ताने गेली आणि विज्ञानातच रमली. १९०९ मध्ये कॉर्नेलची पदवी, १९१० मध्ये विस्कॉन्सिनची पदव्युत्तर पदवी, आणि मग सरकारी शेती खात्याच्या दुग्धविभागात नोकरी. काम काय, तर ताज्या दुधात कोणते जंतू असतात ते शोधायचं.

आता थोडं मागे जाऊ. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप यायचा. उतरायचा, पुन्हा चढायचा, असं महिनोन्‌महिने. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने त्याचा जंतू शोधला. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने दाखवलं की तो तिथल्या शेळ्यांत असतो. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्याने कमी झाला. इकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांगने १८९७ मध्ये वेगळाच जंतू शोधला होता, गाभण गाईंना गाभ टाकायला लावणारा. एक माणसांच्या डॉक्टरांचा, दुसरा गुरांच्या. शिवाय एकाची नोंद गोल जंतू अशी, दुसऱ्याची काडीसारखा. त्यामुळे दोघांची तुलना करावी असं कुणाला वाटलंच नाही.

ॲलिसने ते शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि त्यांच्यात जवळजवळ फरकच सापडेना! त्यातून गाईचा जंतू तर वरून धडधाकट दिसणाऱ्या गाईच्या दुधातही होता. मग असं निरसं दूध पिणाऱ्या माणसाचं काय? हा प्रश्न तिने १९१७ मध्ये जीवाणूशास्त्रज्ञांच्या सभेत मांडला, १९१८ मध्ये छापून आणला.

कुणी विश्वास ठेवला नाही. थिओबाल्ड स्मिथसारखा मोठा शास्त्रज्ञही विरोधात. हे खरं असतं तर आधीच कुणाला तरी दिसलं असतं, असा एकंदर सूर. पण दिसणार कसं? हा ताप मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा नावांखाली लपत होता. दूधवाले म्हणत, पाश्चरायझेशनची यंत्रं विकणाऱ्यांशी हिचं संगनमत आहे. १९२० मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल मायरने तिचं म्हणणं पडताळून खरं ठरवलं, तरी वाद चालूच राहिला.

आणि १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना तोच जंतू तिला लागला. पुढची वीसेक वर्षं ताप येत-जात राहिला. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंचा अशक्तपणा आहे. म्हणजे सरळ भाषेत, बाई, तुमच्या मनाचा खेळ आहे. ज्या रोगावर तिचा सगळ्यात जास्त अभ्यास, तोच तिला झालाय हे पटवताना तिची दमछाक झाली. शेवटी तिच्याच शरीरात जंतू सापडले तेव्हा कुठे तो आजार खरा ठरला.

हे वाचलं आणि हात थांबला. आमच्या शाळेत एक सहशिक्षिका वरचेवर तापाने रजा घ्यायच्या. शिक्षकखोलीत आम्ही "सोंगं, दुसरं काय" म्हणून हसायचो. मीही हसले आहे. त्यांना काय झालं होतं, कुणी विचारलंच नाही. आज विचारायला त्या नाहीत.

ॲलिस १९२८ मध्ये त्याच जीवाणूशास्त्रज्ञांच्या संस्थेची पहिली स्त्री-अध्यक्ष झाली. शिकागोत पाश्चरायझेशनचा नियम १९०८ मध्येच झाला होता. १९३० च्या दशकात तसे नियम अमेरिकेत सर्वदूर पसरत गेले. दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवलं की हा जंतू मरतो. ती १९७५ मध्ये गेली, ९४ वर्षांची होऊन.

आपल्याकडे ब्रुसेलोसिस गुरांत आजही आहे. २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना सरकार त्याची लस टोचतं. आपली आई-आजी रोज दूध ऊतू जाईपर्यंत तापवायची, ती जंतूंची नावं माहीत असल्यामुळे नव्हे, दूध नासू नये म्हणून. पण त्या पातेल्याने आपल्याला किती वेळा वाचवलं असेल, कोण जाणे!

भाचा सगळं ऐकून गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, गोठ्यातूनच आणतो, पण तापवतो."

"आणि साय माझ्यासाठी ठेव," म्हटलं.