लॉइड जॉर्ज यांचे संमिश्र सरकार (१९१८–१९२२) आणि मुंबई इलाखा

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्या नेतृत्वाखाली उदारमतवादी व हुजूर पक्षीयांचे संमिश्र सरकार स्थापन झाले होते. १४ डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत ते पुन्हा सत्तेवर आले व ऑक्टोबर १९२२ पर्यंत टिकले. पंतप्रधान उदारमतवादी, पण सरकारच्या पाठीराख्यांत बहुसंख्य हुजूर पक्षाचे, ही या सरकारची मूळ अडचण होती. त्याच्या धोरणांतील अनेक विसंगती तिच्यातूनच उद्भवल्या.

== ब्रिटनमधील परिस्थिती ==
युद्धामुळे राष्ट्रीय कर्ज सुमारे ६५ कोटी पौंडांवरून ७०० कोटींच्या वर गेले. परतलेल्या सैनिकांना चांगली घरे देण्याचे आश्वासन देऊन १९१९ मध्ये गृहनिर्माणाचा कायदा करण्यात आला. परंतु १९२१ च्या मंदीत बेकारांची संख्या २० लाखांवर पोहोचली आणि खर्चकपातीचा पहिला घाव याच योजनेवर पडला. आयर्लंडमधील संघर्ष डिसेंबर १९२१ च्या तहाने तात्पुरता शमला, पण या तहामुळे हुजूर पक्षातील कडवे सभासद दुरावले.

== हिंदुस्थानविषयक धोरण ==
भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे सुधारणावादी होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९१९ चा सुधारणा कायदा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये हिंदुस्थान सरकारने रौलट कायदा आणला व एप्रिलमध्ये जालियनवाला बागेचे हत्याकांड घडले. जुलै १९२० मध्ये जनरल डायरवरील कारवाईस कॉमन्स सभेने संमती दिली, तर लॉर्ड्स सभेने १२९ विरुद्ध ८६ मतांनी डायरची बाजू घेतली. सुधारणांवरील हिंदी जनतेचा उरलासुरला विश्वास या दुसऱ्या ठरावाने घालवला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

लोकमान्य टिळक या काळात चिरोल खटल्यासाठी इंग्लंडमध्ये होते. खटला ते हरले. तथापि त्यांनी संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली आणि मजूर पक्षाला २,००० पौंडांची देणगी दिली. पुढील सत्ता कोणाकडे जाऊ शकते याचा त्यांचा अंदाज दूरदृष्टीचा होता.

== मुंबई इलाखा ==
१९१८ मधील अवर्षण, महागाई व इन्फ्लुएंझाची साथ यांनी इलाखा हैराण झाला होता. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईतील एक लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड (नावातील साम्यामुळे पंतप्रधानांशी गल्लत करू नये) हे हुजूर पक्षाचे माजी खासदार होते. कामगारांच्या घरांसाठी त्यांनी १९२० मध्ये विकास खाते उभारले व कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथील बीडीडी चाळी ही त्याची फलनिष्पत्ती होय. ५०,००० खोल्यांचे उद्दिष्ट असताना सुमारे १६,००० खोल्याच बांधून झाल्या. काँक्रीटच्या भिंती आणि सामाईक शौचकूप असलेल्या या एकखोली घरांना आरंभी पुरेसे भाडेकरूही मिळाले नाहीत.

द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती हिंदी मंत्र्यांकडे आली. रँग्लर र. पु. परांजपे १९२१ मध्ये शिक्षणमंत्री झाले. मात्र अर्थखाते राखीव असल्यामुळे पैशासाठी त्यांना दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागे. मराठा व तत्सम जातींसाठी विधिमंडळात सात जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या.

== भोर संस्थान ==
या सुधारणा फक्त ब्रिटिश मुलखापुरत्या होत्या. पंतसचिवांच्या भोर संस्थानातील आंबवड्यासारख्या गावांना त्यांचा लाभ नव्हता. पुणे जिल्ह्यातील मालमत्ताधारकाला १९२० मध्ये मत देता येई. संस्थानाच्या हद्दीत राहणाऱ्या त्याच्याच सोयऱ्याला देता येत नसे. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी स्थापन झालेले नरेंद्रमंडळ हे राजेरजवाड्यांचे होते, प्रजेचे नव्हे.

== शेवट ==
तुर्कस्तानविषयक तार मंत्रिमंडळाला न विचारता प्रसिद्ध केल्यामुळे मार्च १९२२ मध्ये माँटेग्यूंना राजीनामा द्यावा लागला. त्याच महिन्यात गांधीजींना अटक झाली. १९ ऑक्टोबर १९२२ रोजी हुजूर पक्षाच्या खासदारांनी कार्लटन क्लबातील बैठकीत युती मोडण्याचा निर्णय घेतला आणि लॉइड जॉर्ज यांनी राजीनामा दिला. भोर संस्थान मात्र ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकून राहिले.