औषधशाळेचा अनुक्रम आणि विद्यार्थ्याचें भवितव्य

अमक्या औषधनिर्माणशाळेचा अनुक्रम वरचा, तमकीचा खालचा, तर मुलाला कोठें घालावें, हा पालकांचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधण्यास मिरजेचा इतिहास बराच उपयोगी पडतो.

डॉ. विल्यम वान्लेस यांनीं मिरजेंत १८९४ सालीं इस्पितळ उघडलें आणि १८९७ सालीं वैद्यकशाळा काढली. मिरज हें त्या वेळीं पटवर्धनांचें छोटेंसें संस्थान. शाळेला क्रमांक देणारें कोणी नव्हतें. तिचें नांव झालें तें शेजारच्या इस्पितळामुळें. आगगाडीनें दुरून येणारा रोगी शाळेची प्रत विचारीत नसे, गुण येतो कीं नाहीं एवढेंच पाही.

औषध देणाऱ्याची कथा याहून साधी. बहुतेक कंपौंडर डॉक्टरांच्या हाताखालींच तयार होत. खल, तराजू, मापाचा पेला आणि बाटलीवर डकविलेली मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी, हीच त्यांची शाळा. तींतून निष्णात माणसें निघालीं, तशीं धोकादायकही निघालीं. जुन्या काळाचें उगाच कौतुक नको. भेसळ आणि निकृष्ट औषधें यांचा बोभाटा झाल्यावर सरकारनें १९३० मध्यें कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिती नेमली. १९३२ च्या सुमारास काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत प्रा. महादेवलाल श्रॉफ यांनीं या विषयाच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला, आणि १९४८ सालीं फार्मसीचा कायदा झाला.

या कायद्यांतील एक कलम मला फार बोलकें वाटतें. पहिली नोंदवही तयार करतांना, दवाखान्यांत किमान पांच वर्षें औषधें बनविलेल्या माणसालाही तींत जागा ठेवली होती. म्हणजे आरंभीं प्रश्न होता, ‘तूं काय काम केलेंस?’ पुढें तो दरवाजा मिटला आणि प्रश्न झाला, ‘तुझी परीक्षा मान्य आहे काय?’ ‘तुझ्या शाळेचा क्रमांक कितवा?’ हा तिसरा प्रश्न कायद्यानें आजवर विचारलेला नाहीं.

तो विचारला जाऊं लागला २०१६ पासून, केंद्र सरकारची प्रतवारी निघाल्यावर. तींत संशोधन व व्यावसायिक कार्य यांना शंभरांत तीस गुण असतात. शिकून बाहेर पडलेल्यांच्या वाटचालीला वीस. तेव्हां ज्याला प्रयोगशाळेंत, मोठ्या कारखान्याच्या संशोधनविभागांत किंवा परदेशीं जावयाचें आहे, त्यानें क्रमांक जरूर पाहावा. तेथें पहिला दरवाजा उघडण्यास तो खरोखर उपयोगी पडतो. पण मिरजेच्या इस्पितळासमोर औषधाचें दुकान घालूं पाहणाऱ्यानें क्रमांकापायीं घरची जमीन गहाण टाकावी, हें मला पटत नाहीं. त्यानें आधीं पाहावें तें असें: शाळेला फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे काय, आणि विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णालयाच्या औषधविभागांत किती दिवस उभें करतात. मान्यता नसेल तर नांवनोंदणी नाहीं, आणि नोंदणी नसेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देण्याचा अधिकारही नाहीं.