खटल्याचे नाव आणि मोलकरणीचे मरण

पुण्यातील १९७६-७७ मधील हत्यासत्र ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ या नावाने मराठी समाजाच्या स्मृतीत रुजले आहे. दहा माणसे मारली गेली; नावात दोन घरांची आडनावे आली. १ डिसेंबर १९७६ रोजी भांडारकर रस्त्यावरील ‘स्मृती’ बंगल्यात संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नात आणि नातू यांच्यासमवेत घरकाम करणाऱ्या सकूबाई वाघ यांचीही हत्या झाली. खटल्याच्या नामाभिधानात त्या मालकांच्या आडनावाखाली सामावल्या गेल्या. हा प्रश्न गुन्ह्याच्या इतिहासाइतकाच कथनव्यवहाराचाही आहे.

खुनाच्या तपासात घरकामगाराच्या वाट्याला संशयित, साक्षीदार किंवा बळी यांपैकी एक भूमिका येते. नॉएडा येथे १६ मे २००८ रोजी एका मुलीचा खून उघडकीस येताच घरातील नोकर हेमराज याच्यावर संशय घेतला गेला. दुसऱ्याच दिवशी त्याचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडला. संशयिताचा बळी व्हायला एक दिवस पुरला. पुण्यात मात्र याहून वेगळी, चौथी भूमिकाही दिसते. २२ नोव्हेंबर १९७६ रोजी शंकरशेट रस्त्यावरील एका बंगल्यात मालकीणबाई व दोन नोकरांनी प्रतिकार केला आणि हल्लेखोरांना पळून जावे लागले. येथे नोकर हा घटनेचा कर्ता आहे.

पुढे रचल्या गेलेल्या संहितांनी मात्र वेगळी केंद्रे निवडली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात फाशी गेलेल्या चौघांपैकी मुनव्वर शाह याने आत्मकथन लिहिले; १९८६ च्या मराठी चित्रपटाने ‘माफीचा साक्षीदार’ हे शीर्षक घेतले. मालकांना खटल्याचे नाव मिळाले, मारेकऱ्याला प्रथमपुरुषी निवेदन मिळाले, साक्षीदाराला शीर्षक मिळाले. हेगडे व गोखले ही आडनावेही खटल्याच्या नावात नाहीत. परंतु ते दोन तरुण हत्यासत्राचा आरंभ व शेवट म्हणून कथानकात स्वतंत्रपणे उभे राहतात. सकूबाईंना असे स्वतंत्र प्रकरण नाही.

रणजित गुहा यांनी १९८७ च्या ‘चंद्राज डेथ’ या निबंधात एकोणिसाव्या शतकातील बंगालमधील एका बागदी स्त्रीच्या मृत्यूचे न्यायालयीन कागद वाचले. कायद्याने ज्याचा केवळ ‘गुन्हा’ केला, त्यातून त्यांनी नातलग स्त्रियांचे दुःख व एकजूट शोधून काढली. परंतु ही वाचनपद्धती जबाबांवर उभी आहे. मृत मोलकरणीचा जबाब नसतो. तेथे तिच्या शब्दांऐवजी तिचे स्थान वाचावे लागते.

सकूबाई त्या घरात होत्या त्या नात्यामुळे नव्हे, कामामुळे. म्हणजे हा कामाच्या ठिकाणी झालेला मृत्यू होता. ‘कुटुंबाचे हत्याकांड’ ही संज्ञा वापरताच ते काम अदृश्य होते. आपुलकीची भाषाच श्रमाचे नाते पुसून टाकते. याच पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप करून स्वतःला कामगार म्हणवून घेतले. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. १९७६ च्या त्या मरणाला ही संज्ञा उपलब्ध नव्हती. आज ती उपलब्ध आहे. त्या रात्रीचा वृत्तांत पुन्हा लिहिताना ‘चार कुटुंबीय आणि एक कामगार’ असे म्हटले, तरी अभ्यंकरांच्या दुःखाचे मोल कमी होत नाही. पाचव्या मरणाला मात्र त्याचे स्वतःचे नाव मिळते.