तळटीप : झाडाआडचा बाण
३. ‘रामाने वालीस झाडाआडून मारले’ : औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या ‘चित्ररामायणा’मुळे (१९१६) रामकथेचा या गावाशी जुना संबंध आहे. डोंगरावरच्या यमाईचे नाव ‘ये माई’ या हाकेवरून पडले, असे सांगतात. ती हाक जोतिबाची असे काही मानतात, तर काही रामाची. सीतेच्या शोधात वणवण करताना आईला हाक मारणारा हाच राम किष्किंधेत आडोशाला उभा राहतो, हे भाविकाला बोचतेच. वालीला समोरच्याचे अर्धे बळ मिळे, म्हणून राम लपला, असा खुलासा कीर्तनातून ऐकू येतो. वाल्मीकींच्या काव्यात मात्र तो नाही. तिथे दोघे भाऊ इतके सारखे दिसतात की पहिल्या झुंजीत रामाचा बाण सुटतच नाही. मग लक्ष्मण सुग्रीवाच्या गळ्यात फुललेला गजपुष्पीचा वेल बांधतो. बाण लागलेला वाली रामाला थेट जाब विचारतो. भावाची बायको घरात ठेवलीस, तू वानर आहेस, मृगयेत आडोसा चालतो, ही रामाची उत्तरे. पहिले वजनदार आहे. मृगयेचे मला आजवर पटलेले नाही. प्रसंग प्रक्षिप्त म्हणून सोडवताही येत नाही, कारण बडोद्याच्या चिकित्सक आवृत्तीतही तो आहे. मला आधार वाटतो तो पुढच्या एका क्षणाचा: सुग्रीवाचा विलाप ऐकून रामाचेही डोळे भरून येतात आणि तो घटकाभर खिन्न होतो. वालीचा जाब कवीने कापला नाही, तसे हे अश्रूही लपवले नाहीत.