जात्यावरची ओवी आणि ग्रंथातील ओवी

गोविंद रघुनाथ दाभोलकर (१८५९–१९२९) यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ग्रंथाचे मूळ राहाता तालुक्यातील शिर्डी येथे घडलेल्या एका प्रसंगात आहे. महामारीचे भय पसरले असता साईबाबांनी जाते मांडून गहू दळावयास घेतले. चार स्त्रियांनी पुढे होऊन खुंटा आपल्या हाती घेतला व गीत गात दळण संपविले. ते पीठ गावच्या शिवेवर टाकण्यात आले. ग्रंथरचनेची प्रेरणा या दृश्यातून लाभली, असे दाभोलकर पहिल्याच अध्यायात नमूद करतात.

रचनेसाठी त्यांनी योजिलेला छंदही ओवीच. जात्यावरची ओवी व ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली ग्रंथातील ओवी यांना मराठीत नाव एकच; पहिली मौखिक व गेय, दुसरी लिखित व निरूपणपर. प्रस्तुत ग्रंथात त्यांची भेट होते, पण बरोबरीच्या नात्याने नव्हे. दळणाऱ्या चौघी अनामिकच राहिल्या. त्यांच्या ओव्यांचे शब्द ग्रंथात उतरले नाहीत.

अशा ओव्या साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये संगृहीत केल्या, तेव्हा त्या वाणीला अक्षररूप मिळाले. ग्रंथ अनुभव जतन करतो हे खरे. परंतु कोणाच्या मुखाने, हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे.