धारेआधी दगड

मिरजेच्या जुन्या सतारमेकरांचं आडनाव शिकलगार का, हा प्रश्न कधी पडलाय? शिकलगार म्हणजे तलवारींना धार आणि झिलई देणारे. १८४८ साली साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. इतर संस्थानांतही तलवारींचं काम आटत गेलं. १८५०च्या आसपास मिरजेत फरीदसाहेब शिकलगार तंबोऱ्यांकडे वळले.

तलवार गेली, पटाशी आली. धारेची गरज तीच! पण घासून घासून धारेचा दगड मधे खोल जातो, मग सरळ धार येत नाही. जुना उपाय म्हणजे वाळू-पाणी घालून दगडावर दगड घासायचा. त्यात गोम अशी, की दोनच दगड असतील तर एक खोलगट नि दुसरा फुगीर होऊनही एकमेकांत चपखल बसतात. म्हणून तीन दगड आळीपाळीने घासायचे.

आता हिऱ्याची बारीक कणी बसवलेली पोलादी पट्टी मिळते. मोहस् मापावर कुरुंद ९, हिरा १०. अमेरिकेत १९५४ साली कृत्रिम हिरा बनला, पुढे ही कणी स्वस्त झाली. दगडावर पेन्सिलीच्या रेघा मारा, पाणी घालून पट्टीने घासा. सगळ्या रेघा पुसल्या की दगड सपाट.

२०२४मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण मानांकनाने पटाशीला धार येत नाही. त्यासाठी दगड सपाट ठेवणारा हात पुढच्या पिढीतही हवा.