गरमीच्या तपासणीतून लागलेला शोध

वांगणी असो की मुंबई, एखाद्या बाईचे मूल पुन्हापुन्हा पोटातच दगावले, की बोट तिच्याकडेच दाखवले जाते. त्यात रक्ततपासणीत ‘गरमी’ म्हणजे उपदंश निघाला, तर विचारायलाच नको. पण ही तपासणी कधी कधी चकवते, आणि त्या चकव्यातूनच वारंवार गर्भपाताचे एक कारण हाती लागले.

१९०६ साली बर्लिनमध्ये वासरमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उपदंशाची तपासणी शोधली. त्यासाठी त्यांनी उपदंशाने मृत जन्मलेल्या बालकांच्या यकृताचा अर्क वापरला. लवकरच कळले, की गाईबैलांच्या निरोगी हृदयाचा अर्कही तेच काम करतो! म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे जंतूला नव्हे, तर एका स्निग्ध पदार्थाला चिकटत होती. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी तो वेगळा केला. हृदयातला, म्हणून त्याचे नाव कार्डिओलिपिन. व्हीडीआरएल तपासणी त्यावरच चालते.

पुढे उपदंश नसलेल्या काही जणांची तपासणीही ‘होकारार्थी’ येऊ लागली. त्यांत ल्युपसचे रुग्ण होते. ल्युपसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते. गंमत अशी, की यांतल्या काहींचे रक्त परीक्षानळीत उशिरा गोठे, शरीरात मात्र गुठळ्या होत. १९८३ मध्ये लंडनला ग्रॅहॅम ह्यूज आणि सहकाऱ्यांनी या प्रतिपिंडांचा गुठळ्यांशी व गर्भपाताशी असलेला संबंध मांडला. १९९० मध्ये आणखी एक धागा सापडला: प्रतिपिंडे मुख्यतः स्निग्ध पदार्थावर बसलेल्या एका प्रथिनाला चिकटतात. वारेच्या पेशींवर ते भरपूर असते. तिथे दाह होतो, वार नीट रुजत नाही, गर्भाचे पोषण तुटते.

मात्र प्रत्येक गर्भपातामागे हेच कारण नसते; सुरुवातीच्या बहुतेक गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. निदानासाठी किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासणी लागते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेनेही भारतीय स्त्रियांमध्ये या प्रश्नाचा अभ्यास केला आहे.

उपचार अगदी साधा. १९९७ मध्ये लंडनला अशा ९० स्त्रियांवर प्रयोग झाला. नुसत्या अल्प ॲस्पिरिनवर ४२ टक्के जणींना जिवंत मूल झाले. सोबत हेपॅरिनची इंजेक्शने दिल्यावर ७१ टक्के जणींना. अडचण आहे ती निदानाची. गोठण्याच्या तपासणीसाठी रक्तातील द्रव काही तासांतच वेगळा करावा लागतो, आणि वांगणीहून मोठी प्रयोगशाळा दूर आहे.